परक्या तुरुंगांची चौकशी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज अंमल संपला आणि साडेचार शतकांच्या परक्या सत्तेचे निशाण उतरले. परंतु ज्यांनी त्या सत्तेविरुद्ध शस्त्र धरले होते त्या मोहन रानडे यांना त्या दिवसाच्या आनंदाचा वाटा मिळाला नाही, कारण ते त्या वेळी गोव्यात नव्हतेच. सांगलीचा मनोहर आपटे नावाचा हा तरुण मोहन रानडे हे नाव धारण करून सावईवेऱ्यास मराठीचा शिक्षक झाला, आझाद गोमंतक दलात सामील झाला, १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, सव्वीस वर्षांची सजा शिरावर घेऊन पुढे लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात पोचला, आणि ज्या भूमीसाठी हे सारे पत्करले ती स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिला. टेलो मास्कारेन्हस यांची सुटका तर त्याहूनही उशिरा, १९७० साली झाली. गोवा मुक्त करणाऱ्या सैन्याचा हात लिस्बनपर्यंत पोचणारा नव्हता, आणि दोन्ही राष्ट्रांतील वकिलातीचे संबंध तर केव्हाच तुटलेले होते. उरले होते ते केवळ विचारणे: पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या मुखांनी, निरनिराळ्या दारांशी जाऊन विचारणे. एखादे राज्य स्वतःच्या कायद्यान्वये, स्वतःच्या न्यायासनाच्या हुकमाने एखाद्या मनुष्याला त्याच्या राजकीय वर्तनासाठी डांबून ठेवते, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यासंबंधी जाब विचारण्याचा अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोणी व कोणत्या रीतीने बजावावा, या प्रश्नाचा विचार करताना मला रानड्यांच्या या सात वर्षांइतके बोधप्रद उदाहरण दुसरे दिसत नाही.

ज्या राजवटीच्या ताब्यात ते होते तिचे स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. आंतोनियु सालाझार हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक १९३२ साली पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि छत्तीस वर्षे त्या पदावर राहिला. १९३३ च्या राज्यघटनेने त्याने उभारलेल्या 'नव्या राज्या'त निवडणुका होत, न्यायालये चालत, दप्तरे नीटनेटकी राखली जात, आणि या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी 'पीद' नावाचे राजकीय पोलीस खाते आपले काम बिनबोभाट करीत असे. कैद्याला दिवसेंदिवस झोपू न देणे, तासन्‌तास पुतळ्यासारखे उभे करून ठेवणे, या त्या खात्याच्या नित्याच्या पद्धती होत्या. याहूनही भयंकर होती ती एक कायदेशीर तरतूद. न्यायालयाने ठोठावलेली मुदत पुरी झाल्यावरही कैदी अद्याप 'धोकादायक' आहे एवढ्या सबबीवर त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणखी अडकवून ठेवता येत असे आणि ही मुदत पुन्हा पुन्हा वाढविताही येत असे. म्हणजे ज्या सजेला कागदावर अंत होता तिला व्यवहारात अंत उरत नसे. राजकीय विरोधकांसाठी केप व्हर्द बेटांवरील ताराफाल येथे १९३६ साली उघडलेली छावणी १९५४ साली बंद झाली खरी, पण १९६१ साली आफ्रिकेतील स्वातंत्र्यवाद्यांसाठी ती पुन्हा उघडण्यात आली. गोमंतकीयांना या यंत्रणेची ओळख फार आधी झाली होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांच्या सभेने जी ठिणगी पडली तिच्या पाठोपाठ त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायासनापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा देण्यात आली आणि पेनिशच्या समुद्रकिल्ल्यात धाडण्यात आले; पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांचाही मार्ग तोच झाला. घरापासून हजारो कोस दूर, जेथे भेटीला कोणी येऊ शकत नाही, अशा ठिकाणी राजकीय बंद्याला नेऊन ठेवण्यामागचा हेतू उघड आहे. त्याला मारावयाचे नसते. त्याचे नाव लोकांच्या स्मरणातून पुसून टाकावयाचे असते.

या सर्वांवर बाहेरून कोणी बोट ठेवलेच, तर लिस्बनचे उत्तर ठरलेले असे. १९५१ साली पोर्तुगालने आपली घटना दुरुस्त करून वसाहतींचे 'सागरापलीकडील प्रांत' असे नामांतर केले आणि तेव्हापासून गोवा, अंगोला व मोझांबिक हे लिस्बनइतकेच पोर्तुगालचे भाग असल्याने तेथील धरपकड ही सर्वस्वी अंतर्गत बाब होय, असा पवित्रा घेतला. या बचावाला आधार होता तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमाचा, ज्याने राज्यांच्या अंतर्गत अखत्यारीतील बाबींत हस्तक्षेप करण्यास त्या संस्थेला मनाई केली आहे. १९४७ साली, जगाच्या कानाकोपऱ्यांतून पीडितांच्या फिर्यादी येऊ लागल्या असतानाच, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने अशा तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपणास अधिकार नाही असे स्वतःच ठरवून टाकले, आणि १९४८ च्या डिसेंबरात मानवी हक्कांच्या ज्या जाहीरनाम्याचा एवढा गौरव झाला तो जगातील तुरुंगांच्या भिंतींबाहेरच उभा राहिला. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील सर्व पुरुष असा अर्थ देऊ शकणारी शब्दयोजना बदलून तेथे सर्व मानव असे यावे यासाठी आपल्या हंसाबेन मेहतांनी आग्रह धरला होता, ही भारतीयांना अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्या मानवाला कोठडीत कोंडले आहे त्याच्यापर्यंत ते कलम पोचावे कसे, याची सोय करण्यास मात्र वीस वर्षे लागली.

सरकारांकडून काही आशा करावी, तर त्यांचा इतिहास याहून उत्साहजनक नाही. १९५५ च्या मेपासून सेनापती बापट, नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये असे महाराष्ट्रातील सत्याग्रही गोव्याची सरहद्द ओलांडू लागले, कित्येकांना दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या, आणि १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात विसांहून अधिक जण ठार झाले. या घटनेस चार महिने होतात न होतात तोच, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या संयुक्त निवेदनात आशियातील पोर्तुगीज 'प्रांतां'चा उल्लेख केला. म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाने ज्या राष्ट्राची शपथ वाहिली जात असे त्याने सालाझारचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलला. कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. पोर्तुगाल हा १९४९ पासून उत्तर अटलांटिक करार संघटनेचा संस्थापक सभासद होता आणि अझोर्स बेटांवरील विमानतळ अमेरिकेला हवा होता. पुढे केनेडी अध्यक्ष झाले तेव्हा १९६१ च्या मार्चमध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने खरोखरच पोर्तुगालविरुद्ध मत दिले, आणि क्षणभर असे वाटले की नवे युग उजाडत आहे. परंतु त्या विमानतळाच्या कराराची मुदत १९६२ च्या अखेरीस संपत होती, आणि ती जवळ येऊ लागली तसा वॉशिंग्टनचा स्वर मवाळ होत गेला. मी हे अमेरिकेला विशेष दोष देण्यासाठी सांगत नाही. मित्रराष्ट्राच्या तुरुंगाकडे पाठ फिरवून शत्रूच्या तुरुंगाकडे दुर्बीण लावणे हा सर्वच शासनांचा शिरस्ता आहे, आणि त्यांचे कारभारच असे आहेत की त्यांना दुसरे काही सहजासहजी जमणार नाही.

याचा एक जुना दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात 'मोरिया' बोटीतून उडी टाकून विनायक दामोदर सावरकरांनी फ्रान्सचा किनारा गाठला आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केले, तेव्हा झां जोरेस आणि मार्क्सचा नातू झां लाँगे यांच्यासारख्या फ्रेंच समाजवाद्यांनी असा गदारोळ उठविला की फ्रेंच सरकारला इंग्लंडकडे दाद मागणे भाग पडले व प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. त्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिलेला निवाडा असा की, फ्रेंच शिपायाच्या हातून अनियमितता झाली असली तरी त्यायोगे ब्रिटनवर बंदीला परत करण्याचे बंधन येत नाही. तो निवाडा कायद्याच्या कसोटीवर किती खरा होता याची चर्चा विधिज्ञांनी करावी. मला त्यातील जी गोष्ट विलक्षण वाटते ती ही, की त्या खटल्यात दोन साम्राज्ये पक्षकार होती आणि ज्याच्या पन्नास वर्षांच्या काळ्या पाण्याचा प्रश्न होता तो मनुष्य मात्र पक्षकार नव्हता. विवाद होता तो फ्रान्सच्या भूमीच्या प्रतिष्ठेचा. ती प्रतिष्ठा सांभाळण्यात दोन्ही सरकारांचे समाधान झाले आणि बंदी अंदमानास रवाना झाला. आपल्या जिवावर उदार झालेल्या त्या तरुणाची खरी कणव ज्यांना आली होती ती सरकारे नव्हती. ती काही वृत्तपत्रकारांची व वक्त्यांची टोळी होती, आणि तिच्या हाती त्या काळी टिकाऊ असे साधन कोणतेच नव्हते.

असे साधन पन्नास वर्षांनंतर निर्माण झाले, आणि त्याच्या जन्माशी पुन्हा पोर्तुगालचाच संबंध आहे. लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांनी २८ मे १९६१ रोजी 'ऑब्झर्व्हर' या पत्रात विस्मृत बंद्यांविषयी एक लेख लिहिला; स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावल्याबद्दल दोन पोर्तुगीज विद्यार्थ्यांना तुरुंगवास झाल्याची वार्ता वाचून आपणास ही कल्पना सुचली असे ते पुढे सांगत. ती वार्ता नेमकी कोणत्या पत्रात आली होती याचा इतिहासकारांनी पुष्कळ शोध केला, परंतु ती काही हाती लागली नाही. तथापि सालाझारच्या पोर्तुगालात अशी घटना घडणे अशक्य होते असे मात्र कोणीही म्हणू शकले नाही. त्या लेखात अंगोलाचे डॉक्टर व कवी आगुस्तिन्यु नेतु होते, रुमानियाचे तत्त्वज्ञ कॉन्स्टँटिन नोइका होते, ग्रीसचे कामगार पुढारी तोनी अंबातिएलोस होते, हंगेरीचे कार्डिनल मिंट्सेंटी होते. साम्यवाद्यांच्या तुरुंगातील धर्मगुरू आणि साम्यवादविरोधकांच्या तुरुंगातील साम्यवादी एकाच पानावर शेजारी शेजारी बसविण्यात जी दृष्टी होती तीतूनच 'अॅम्नेस्टी इंटरनॅशनल' या संस्थेच्या पुढील कार्यपद्धतीचा जन्म झाला. त्या काळी तिच्या प्रत्येक स्थानिक मंडळाने तीन बंदी आपले मानावयाचे: एक पाश्चात्त्य गटातील राष्ट्राचा, एक साम्यवादी राष्ट्राचा आणि एक या दोहोंबाहेरील राष्ट्राचा. स्वतःच्या देशातील बंद्यांचे काम स्वतः करावयाचे नाही. ज्याच्यासाठी पत्रे लिहावयाची त्याचे मत आपणास पटते की नाही हा प्रश्नच काढावयाचा नाही.

बाह्यतः ही पद्धत किती क्षुद्र दिसते! एखाद्या खेड्यातील शिक्षिकेने किंवा पाद्र्याने लिस्बनच्या तुरुंगाधिकाऱ्याला विनम्र भाषेत पत्र लिहावे आणि अमुक क्रमांकाच्या कैद्याची प्रकृती कशी आहे, त्याच्यावर आरोपपत्र कधी दाखल होणार आहे, हे विचारावे, यात साम्राज्य हादरण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु ज्यांना सरकारी दप्तराची रीत ठाऊक आहे त्यांना या पत्राचे सामर्थ्य समजेल. पत्र आले की ते नोंदवहीत चढते. नोंदले गेले की त्यावर कोणाला तरी शेरा मारावा लागतो. शंभर पत्रे आली की खालचा अधिकारी वरच्याला विचारतो, वरचा मंत्र्याला विचारतो, आणि ज्या कैद्याची फाईल बंद करून कपाटात टाकली होती ती पुन्हा टेबलावर येते. दडपशाही ही नेहमीच क्रूर माणसांच्या क्रोधावर चालते असे नाही. ती बहुतांशी सामान्य कारकुनांच्या निष्काळजीपणावर चालते, आणि आपण काय करतो ते कोणी पाहत नाही या खात्रीवर चालते. शेतकऱ्याने रात्री धान्याच्या राशीशी कंदील टांगून ठेवावा, म्हणजे जनावरांना मारण्याची शक्ती कंदिलात नसूनही ती राशीकडे फिरकत नाहीत, तसे काहीसे या पत्रांचे आहे. छळ करणाऱ्याचा हात ती धरू शकत नाहीत. पण हात उगारताना त्याला इकडेतिकडे पाहावयास लावतात.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि ती रानड्यांच्या बाबतीत नेमकी आडवी येते. ज्याने हिंसेचा अवलंब किंवा पुरस्कार केलेला नाही अशालाच विवेकबंदी मानावयाचे, असा त्या संस्थेचा दंडक. याच दंडकामुळे १९६४ साली, रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेलांना जन्मठेप झाली त्या वर्षी, त्यांना विवेकबंदी मानावे की नाही यावर संस्थेत तीव्र वाद झाला आणि शेवटी नकाराचा निर्णय झाला; खटला न्याय्य झाला नाही व वागणूक माणुसकीची नाही याबद्दल आवाज उठवावयाचा, पण ते विशेष नाव द्यावयाचे नाही, असे ठरले. पोलीस ठाण्यावर बंदूक घेऊन गेलेल्या मोहन रानड्यांनाही ते नाव मिळण्यासारखे नव्हते. या निर्णयावर कित्येकांनी कडाडून टीका केली आहे: जेथे मताधिकार नाही, सभेचा अधिकार नाही, निःशस्त्रांवर गोळ्या झाडल्या जातात, तेथे शस्त्र उचलणाऱ्याकडून अहिंसेचे प्रमाणपत्र मागणे म्हणजे जुलमाच्या अटी मान्य करणे होय, असे त्यांचे म्हणणे. या म्हणण्यात बळ आहे. तरीही मला तो दंडक चुकीचा वाटत नाही, कारण ज्या चौकशीला सर्व राष्ट्रांच्या दारांशी जावयाचे आहे तिच्या पाठीशी असे एखादे तत्त्व असलेच पाहिजे की ज्याचा अर्थ प्रत्येक सरकारला आपापल्या सोयीने लावता येणार नाही. चूक होते ती याच्या पुढच्या पायरीवर, जेव्हा विवेकबंदीचे नाव नाकारणे म्हणजे विचारपूस नाकारणे असा समज रूढ होतो. ज्याने शस्त्र उचलले त्याला शिक्षा होऊ शकते हे मान्य करूनही, त्याच्यावरील खटला उघड न्यायासनापुढे झाला काय, त्याचे वर्षानुवर्षे एकांतकोठडीत काय झाले, ज्या कारणासाठी तो लढला ते कारणच संपुष्टात आल्यावरही त्याला धरून ठेवण्यात सुडाखेरीज दुसरे काही प्रयोजन उरते काय, हे प्रश्न विचारावेच लागतात. गोवा मुक्त झाल्यानंतर रानडे पोर्तुगालला कोणता धोका होते? ज्या सरहद्दीसाठी ते लढले ती सरहद्दच उरली नव्हती. त्यांना पुढे कोंडून ठेवणे ही शुद्ध सूडबुद्धी होती, आणि सशस्त्र बंद्याच्या बाबतीतही सुडाविरुद्ध बोलण्याचा अधिकार कोणाच्या दंडकाने जात नाही.

ते बोलले गेले, आणि कोणाकोणाच्या मुखाने बोलले गेले हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी ही सुटका हे आपले व्रत मानले. आणि १९६८ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई, ज्यांचा गोव्याशी, मराठीशी अथवा ख्रिस्ती धर्मपीठाशी काडीचाही ऋणानुबंध नव्हता, व्हॅटिकनला पोप सहावे पॉल यांना भेटले असता स्वतःसाठी काही न मागता लिस्बनच्या तुरुंगातील या मराठी बंद्याची मुक्तता करण्याविषयी रदबदली करावी, एवढीच विनंती करून आले. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. भारतात परतल्यावर ते अण्णादुराईंचे आभार मानण्यास निघाले, पण ३ फेब्रुवारीला अण्णादुराईंचे देहावसान झाले आणि रानड्यांना मद्रासेस त्यांच्या समाधीपुढेच नतमस्तक व्हावे लागले. ही हकीकत ऐकणाऱ्याचा कंठ दाटून येतो हे खरे. पण कार्यकारणाचा हिशेब भावनेवर सोडून चालणार नाही. १९६८ च्या सप्टेंबरात सालाझार आजारपणामुळे पदावरून दूर झाला होता, मार्सेलु कायतानु त्याच्या जागी आला होता, आणि आरंभीच्या काही महिन्यांत त्याने थोडी सैल दोरी दिली होती. मारियु सुआरिश यांना हद्दपारीतून याच सुमारास परत येऊ देण्यात आले. मग रानडे पोपच्या शब्दाने सुटले की सालाझारच्या आजाराने? मला वाटते, हा प्रश्न असा मांडणेच गैर आहे. राजवटीच्या भिंतीला भेग केव्हा पडेल हे बाहेरच्यांच्या हातात नसते. ती पडते त्या वेळी कोणाचे नाव अधिकाऱ्यांच्या टेबलावर आहे आणि कोणाचे कपाटात गेले आहे, एवढे मात्र बाहेरच्यांच्या हातात असते. सात वर्षे जर कोणी विचारलेच नसते, तर कायतानुच्या त्या अल्प सैलपणाचा लाभ रानड्यांना मिळण्याचे काही कारण नव्हते, आणि मग १९७४ च्या एप्रिलमध्ये सैनिकांनी क्रांती करून काशियाश व पेनिशची दारे उघडीपर्यंत त्यांना थांबावे लागले असते.

या विचारसरणीवरील सर्वांत गंभीर आक्षेप बेनेन्सनच्याच यादीतून पुढे येतो. ज्या आगुस्तिन्यु नेतुंच्या अटकेविरुद्ध त्यांच्या गावचे लोक उठले असता पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ज्यांना लिस्बनच्या आल्जुब तुरुंगात ठेवले असता युरोपातील विचारवंतांनी आवाज उठविला, तेच नेतु १९७५ साली स्वतंत्र अंगोलाचे अध्यक्ष झाले, आणि २७ मे १९७७ च्या फसलेल्या उठावानंतर त्यांच्याच सरकारने हजारो माणसे, कित्येकदा विनाचौकशी, ठार मारली. मग त्यांच्यासाठी पत्रे लिहिणाऱ्यांनी पश्चात्ताप करावा काय? जो असे म्हणेल त्याने न्यायाला सौदा मानले आहे. नेतुंना सोडा अशी मागणी करताना ते पुढे संतपदास पोचतील अशी हमी कोणी दिली नव्हती. मागणी एवढीच होती की कविता व राजकीय मते यांसाठी मनुष्याला कोंडू नये. ती १९६१ साली नेतुंसाठी जितकी सत्य होती तितकीच १९७७ साली नेतुंच्या कैद्यांसाठी सत्य होती. खरा अपराध घडतो तो तेव्हा, जेव्हा पहिल्या वेळी पत्र लिहिणारा दुसऱ्या वेळी, आता सत्ता आपल्या बाजूच्या माणसाकडे आहे म्हणून, लेखणी खाली ठेवतो. पूर्व-पश्चिमेच्या झगड्यात हेच सर्वत्र होत होते. १८ डिसेंबर १९७६ रोजी झुरिचच्या विमानतळावर सोव्हिएत रशियाने व्लादिमीर बुकोव्स्की या आपल्या बंडखोर लेखकाला देऊन चिलीच्या लष्करशहाकडून लुईस कोर्वालान या साम्यवादी पुढाऱ्याला घेतले. दोन माणसे त्या दिवशी तुरुंगाबाहेर आली याचा आनंदच मानावयाचा. पण मॉस्कोला चिलीतील बंदी दिसत होता आणि सायबेरियातील दिसत नव्हता, आणि त्याच्या उलट दृष्टी असलेलेही जगात काही कमी नव्हते.

आता आपल्या घराकडे वळले पाहिजे, कारण या प्रकरणात भारताच्या वर्तनाची दोन रूपे आहेत. स्वातंत्र्यापूर्वीच, १९४६ साली, भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाची फिर्याद संयुक्त राष्ट्रांपुढे नेली आणि ही आमची अंतर्गत बाब असल्याचा प्रिटोरियाचा बचाव आमसभेने अमान्य केला. माझ्या मते मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय इतिहासात भारताने टाकलेले ते सर्वांत मोलाचे पाऊल होय. त्याच वाटेने पुढे ११ ऑक्टोबर १९६३ रोजी, रिव्होनियाचा खटला उभा राहत असताना, आमसभेने १०६ विरुद्ध १ अशा मतांनी दक्षिण आफ्रिकेतील राजकीय बंद्यांच्या सुटकेची मागणी केली. आणि १९६७ साली मानवी हक्क आयोगाला अखेर हक्कांच्या पायमल्लीची प्रकरणे तपासण्याचा अखत्यार मिळाला तो मुख्यतः आफ्रिकेच्या प्रश्नामुळेच. परंतु २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, एक लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी स्थानबद्ध झाली, सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी न्यायमूर्ती खन्नांचा अपवाद सोडून अशा बंद्यांना न्यायालयाचे दारही बंद केले, आणि लंडनमध्ये जयप्रकाशांच्या सुटकेसाठी चळवळ उभी राहिली किंवा जॉर्ज फर्नांडिसांच्या अटकेनंतर त्यांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्या ब्रांट, क्रायस्की, पाल्मे यांसारख्या युरोपीय समाजवाद्यांनी दिल्लीकडे विचारणा केली, तेव्हा दिल्लीने जे उत्तर दिले ते सालाझारच्या उत्तराहून फार निराळे नव्हते: ही आमची अंतर्गत बाब आहे आणि बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये. जॉर्ज फर्नांडिसांवरील आरोपही स्फोटकांचा होता हे येथे स्मरावे. आणि पूर्वी गोव्यातील आग्वादच्या कोठडीत बसलेले नानासाहेब गोरे १९७७ नंतर लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले, हेही.

सरकारांनी या चौकशीला शह देण्याची नवी हत्यारे अलीकडे शोधली आहेत. रशियाने २०१२ साली परकीय पैसा घेणाऱ्या संस्थांना परकीय हस्तक ठरविणारा कायदा केला आणि त्याच्याच आधाराने, स्टॅलिनच्या काळातील बळींची नोंद ठेवणारी 'मेमोरियल' ही संस्था २८ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने विसर्जित केली. आपल्याकडे अॅम्नेस्टीच्या भारतीय शाखेने आपली बँकखाती गोठविली गेल्याने सप्टेंबर २०२० मध्ये काम थांबविले. परकीय देणग्यांसंबंधीच्या कायद्याचा भंग झाला, असे सरकारचे म्हणणे होते. पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि १९६७ साली खुद्द बेनेन्सनना पायउतार व्हावे लागले ते ऱ्होडेशियातील बंद्यांच्या मदतीसाठी ब्रिटिश सरकारचा पैसा गुपचूप घेतल्याच्या प्रकरणामुळेच; जो दुसऱ्यांना जाब विचारतो त्याचे हात स्वच्छच असले पाहिजेत. परंतु हिशेब तपासणे निराळे आणि खाती गोठवून विचारणाराचे तोंडच बंद करणे निराळे, आणि या दोहोंमधील भेद ज्या राष्ट्राला कळत नाही त्याला दुसऱ्याच्या तुरुंगांविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

म्हणून माझी मागणी येथील शासनाकडे आहे आणि ती अगदी ठरीव आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९७९ च्या एप्रिलमध्ये मान्यता दिली. आणीबाणीतील तुरुंग ज्यांनी भोगला होता त्यांच्याच सरकारचा तो निर्णय. छळप्रतिबंधक करारावर मात्र १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही करून आजवर त्याला अनुमोदन दिलेले नाही. त्यासाठी आणलेले विधेयक लोकसभेने २०१० च्या मे महिन्यात संमत केले, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि लोकसभेची मुदत संपताच रद्दबातल झाले. त्या करारान्वये प्रत्येक राज्याला आपल्या कोठड्यांत काय चालते याचा अहवाल ठरावीक मुदतीने बाहेरच्या तज्ज्ञांपुढे ठेवावा लागतो आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. ज्या देशाने १९४६ साली प्रिटोरियाला असे प्रश्न विचारले, त्याने ते विधेयक पुन्हा संसदेपुढे आणावे आणि अनुमोदनाचा दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांकडे दाखल करावा.